नातवंडांचा दमा : समूळ जातो की आवरता येतो?

आश्विन लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यातील अनेक घरांत एक चौकशी सुरू होते. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध कोठे मिळेल, किती वर्षे घ्यावे लागेल, पथ्य कोणते? कोणी मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन बत्तिनी कुटुंबाकडील माशाचे औषध देऊन आलेले असते. ही सारी धावपळ बहुधा घरातील आजी-आजोबाच करतात, आणि तिच्यामागे मायाच असते. रात्री दोन वाजता उशी पाठीशी घेऊन बसलेले, श्वासासाठी झगडणारे लेकरू ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘हे कायमचे जाईल का’ हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की दमा मुळासकट उपटून टाकणारे औषध आज कोणत्याही उपचारपद्धतीजवळ सिद्ध झालेले नाही. मात्र योग्य उपचाराने बहुतेक मुलांचा दमा इतका आवरता येतो, की मूल शाळेत जाते, धावते, कबड्डी खेळते आणि रात्रभर शांत झोपते. पुष्कळ मुलांचा त्रास वय वाढेल तसा आपोआप ओसरतोही.

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. ही सूज मूल हसत-खेळत असतानाही थोडीफार राहते. सर्दी, धूळ, धूर अशी ठिणगी पडली की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. पाच वर्षांखालील पुष्कळ बालकांना केवळ सर्दीबरोबर अशी घरघर होते आणि पुढे थांबते. म्हणून प्रत्येक ‘बाळदमा’ हा आयुष्यभराचा दमा नसतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे 1964 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांचा पाठपुरावा वयाच्या पन्नाशीपर्यंत करण्यात आला. लहानपणी ज्यांचा त्रास सौम्य होता, त्यांपैकी बहुतेक पुढे मोकळे झाले. ज्यांचा दमा लहानपणीच तीव्र होता, त्यांपैकी मोजकेच मोकळे झाले. आपले नातवंड कोणत्या गटात आहे, हे तपासणीनंतर डॉक्टरच सांगू शकतील.

दमा म्हणजे मनाचा कमकुवतपणा, किंवा पथ्य कमी पडल्याचे फळ, असेही काहींना वाटते. याचे उत्तर आपल्या सेवाग्रामच्याच इतिहासात आहे. समाजवादी नेते आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे थोर अभ्यासक आचार्य नरेंद्र देव यांना दम्याचा जुना विकार होता. 1942 साली गांधीजींनी त्यांना उपचारासाठी काही महिने सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले. मिताहार, नेमस्त दिनक्रम, मोकळी हवा आणि प्रत्यक्ष गांधीजींची देखरेख, यांत काहीच उणे नव्हते. तरीही दम्याने त्यांची पाठ सोडली नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अहमदनगरच्या किल्ल्यात कारावास भोगताना आणि पुढेही तो त्यांच्यासोबत राहिला. त्याला न जुमानता त्यांनी आपले राजकीय व विद्वत्तेचे काम चालू ठेवले. फेब्रुवारी 1956 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मोजून फवारा देणारा पहिला इन्हेलर बाजारात आला. एका औषधकंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलेल्या प्रश्नातून त्याची कल्पना सुचली होती. आचार्यांना जे लाभले नाही, ते आज आपल्या नातवंडाला गावाजवळच्या औषधाच्या दुकानात मिळते. त्याचा आपण अव्हेर करू नये.

हा अव्हेर मुख्यतः भीतीपोटी होतो. ‘पंपाची सवय लागते’, ‘तो शेवटचा उपाय’, ‘त्यात स्टेरॉइड असते’, ही वाक्ये आपण ऐकली असतील, कदाचित उच्चारलीही असतील. इन्हेलरची सवय लागत नाही. चष्मा रोज लावला म्हणून त्याचे व्यसन लागले, असे आपण म्हणत नाही. सूज कमी करणाऱ्या इन्हेलरमध्ये स्टेरॉइड असते हे खरे. पण शालेय वयाच्या मुलाला दिवसाला बहुधा 100 ते 200 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड पुरते. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. ऐन झटक्यात द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळीत कित्येक मिलिग्रॅम औषध असते आणि ते रक्तावाटे सर्व शरीरात फिरते. इन्हेलरचे औषध थेट फुप्फुसात पोचते, म्हणून त्याची मात्रा एवढी अल्प ठेवता येते. उंचीवर होणारा परिणामही मोजलेला आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात काही वर्षे असा इन्हेलर घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. श्वासाविना घालवलेल्या रात्री आणि बुडालेली शाळा यांच्या तुलनेत हे मोल फार नाही.

इन्हेलर दोन प्रकारचे असतात आणि घरातील प्रत्येकाला त्यांतील भेद ठाऊक असावा. एक तात्काळ आराम देणारा, बहुधा साल्ब्युटॅमॉलचा. तो आवळलेले स्नायू सैल करतो, पण सूज कमी करत नाही. दुसरा सूज आवरणारा. तो त्रास नसतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यायचा असतो. ‘आता बरे आहे’ म्हणून दुसरा बंद करणे आणि केवळ पहिल्यावर दिवस काढणे, ही सर्वाधिक घडणारी आणि सर्वाधिक धोक्याची चूक होय. सुमारे तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात राहिला, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करण्याचा विचार करतात.

लहान मुलाला इन्हेलर नेहमी स्पेसरमधून द्यावा. इन्हेलर हलवावा, स्पेसरला जोडावा, मुखवटा नाका-तोंडावर घट्ट बसवावा, एकच फवारा सोडावा आणि मुलाला संथपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने द्यावा. स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर चूळ भरायला लावावी. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पुसता, तसाच वाळू द्यावा. विकतचा स्पेसर हाताशी नसेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला इन्हेलरच्या तोंडाएवढे भोक पाडून केलेला स्पेसरही वेळ निभावून नेतो. दक्षिण आफ्रिकेतील बालरोगतज्ज्ञांनी 1999 साली हे दाखवून दिले आहे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. कोजागिरीच्या सुमारास जिल्ह्यात सोयाबीनची मळणी चालते. स्पेनमधील बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकाएकी दवाखान्यांत लोटत. शोध घेतल्यावर कळले, की त्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवले जाई आणि कोठारातून त्याची धूळ शहरावर पसरे. कोठाराला गाळणी बसवल्यावर ती साथ थांबली. आपल्याकडे थ्रेशर चालू असताना आणि कुटार भरताना दमेकरी मुलाला वाऱ्याच्या दिशेला थांबू देऊ नये, त्या ढिगावर खेळू देऊ नये. पऱ्हाटी आणि तुराट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, देवघरातील धूप, आणि विडी, यांपैकी विडीचा त्याग आजोबांच्या हाती आहे. अंगणात ओढली तरी कपड्यांना चिकटून तिचा अंश घरात येतोच. उन्हाळ्यात कूलरच्या कुबट ताट्या बदलाव्यात आणि पाणी साचू देऊ नये, कारण तेथे बुरशी वाढते. कापसाच्या जुन्या गाद्यांना नियमित ऊन दाखवावे, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवाव्यात. केळी, दही, भात सरसकट बंद करू नका. एखाद्या पदार्थाने खरोखर त्रास होतो असे वारंवार दिसले, तरच तो टाळावा. एरवी पथ्याच्या नावाखाली मूल अशक्त होते.

मागील चार आठवड्यांकडे पाहून स्वतःला चार प्रश्न विचारा. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा दिवसा त्रास झाला का? रात्री दम्यामुळे जाग आली का? आराम देणारा इन्हेलर आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का? खेळ सोडून बसावे लागले का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर दमा पुरता आटोक्यात नाही. डॉक्टरांना भेटा आणि इन्हेलर सोबत नेऊन तो देण्याची आपली पद्धत त्यांना दाखवा. तीव्र झटक्यात काय करावे, किती फवारे द्यावेत, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या व तो कागद भिंतीवर लावा.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वासागणिक फासळ्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील, ते ग्लानीत जात असेल, किंवा घरघर थांबूनही धाप कायम असेल, तर वाट पाहू नका. लिहून दिलेले फवारे चालू ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आपल्या जिल्ह्यात आहेत. परंतु आष्टी, कारंजा यांसारख्या दूरच्या तालुक्यांतून निघताना प्रवासाचा वेळ ध्यानात घेऊन लवकर निघणे इष्ट.

राहता राहिले खिरीतले औषध. दमा स्वभावतः कमी-अधिक होत राहतो. त्रासाच्या भरात जे काही घ्यावे, त्यानंतर तो ओसरला की श्रेय त्यालाच मिळते. घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या काही भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याचीही उदाहरणे आहेत, आणि तेथे मात्रेचा हिशेब कोणीच ठेवत नाही. चांदण्यात आटवलेले दूध नातवंडासह अवश्य घ्या. अनोळखी भुकटी मात्र त्याच्या पेल्यात पडू देऊ नका, आणि त्या रात्रीचा इन्हेलर द्यायला विसरू नका.