पिशवी, मिश्री आणि बाईचं काळीज

छातीत दुखतंय म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडे आधी पित्ताची गोळी मिळते. ती एचआयव्ही घेऊन जगणारी असेल, तर सगळ्यांचं लक्ष टीबीकडे आणि सीडी-फोर या प्रतिकारपेशींच्या आकड्याकडे. हृदयाची आठवण कुणाला होत नाही. कारण एक समज ठाण मांडून बसला आहे: पाळी चालू आहे तोवर बाईचं हृदय शाबूत, आणि हार्टचा झटका हे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दुखणं. एचआयव्हीबाधित बाईला हा समज लागू पडत नाही. बीड जिल्ह्यातल्या बाईला तर मुळीच नाही.

समजात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक बाईच्या रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात जपतं, आणि एकूण मोजले तर झटके पुरुषांनाच जास्त येतात. पण आपण तुलना कुणाशी करतो? बोस्टनच्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या नोंदींवरचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्ही नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत एचआयव्हीबाधित पुरुषांना झटक्याचा धोका सुमारे 1.4 पट निघाला. बायकांची तुलना बायकांशी केली, तेव्हा तो जवळजवळ तिप्पट भरला. म्हणजे निसर्गानं बाईला दिलेली सवलत हा विषाणू बरीचशी काढून घेतो. औषधानं विषाणू दबला तरी प्रतिकारशक्ती आतल्या आत धुमसत राहते, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करते. आणि ही धग बायकांत अधिक असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे.

आता बीडकडे या. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये गदारोळ झाला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. चर्चा झाली ती मुकादमाची, खाड्याच्या दंडाची, खासगी दवाखान्यांच्या कमाईची. ती व्हायलाच हवी होती. पण हृदयाचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी आटतं. अंडाशयं राहिली तरी ती पुष्कळदा वेळेआधी थकतात. मग ज्या पाळीच्या भरवशावर आपण बाईला सुरक्षित मानत होतो, ती पाळीच तिशी-पस्तिशीत संपलेली. अशा बाईला एचआयव्हीही असेल, तर पाठीशी उरलं काय?

दुसरा युक्तिवाद: बाई विडी ओढत नाही. केसपेपरवर ‘धूम्रपान’पुढे ‘नाही’ लिहिलं जातं आणि विषय संपतो. मिश्री लावता का, हे कुणी विचारतच नाही. सकाळी दातांना, दुपारी फडात भूक मारायला, रात्री पुन्हा. तंबाखू जाळूनच ती केलेली असते. वर चुलीचा धूर. तो तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: आधी माणूस जगू द्या, मग हृदयाचं बघू. 2004 साली, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली तेव्हा, ते बरोबर होतं. त्या काळी औषधावर आलेली तरुण विधवा आज पन्नाशीच्या आसपास आहे. ती जगली, हे त्या औषधाचं यश. म्हणून तर आता तिच्या हृदयाचा प्रश्न उभा राहिला. आणि ‘वजन वाढलं, म्हणजे तब्येत सुधारली’ हेही दर वेळी खरं नसतं. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं उत्तम औषध आहे, ते सोडायचं नाही. पण त्यावर बायकांचं वजन पुरुषांपेक्षा जास्त वाढतं, असं दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत 2019 मध्ये दिसलं.

उपाय नाहीत असंही नाही. भारतासह बारा देशांतल्या 7,769 एचआयव्हीबाधितांवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीचा निष्कर्ष 2023 मध्ये आला: कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या रोजच्या एका गोळीनं हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. त्यात जवळपास तिसरा हिस्सा बायकांचा होता. गोळी कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील. पण रक्तदाब, साखर, चरबी मोजल्याशिवाय ते ठरवणार कशावरून? सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची योजना आहेच. ती खिडकी वेगळी, एआरटीची वेगळी, आणि बाईचा रोज बुडालेला एकच दिवस. दोन्ही कामं त्याच दिवशी, त्याच टेबलावर व्हायला हवीत.

तेही दसऱ्याच्या आत. एकदा ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी ट्रकात बसली की ती सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तिथं गोळ्या संपल्या तर खाडा पडतो; आणि औषध मध्येच थांबवलं की हृदयाचा धोकाही वाढतो, हे 2006 च्या ‘स्मार्ट’ चाचणीनं दाखवलं आहे. म्हणून पूर्ण हंगामाच्या गोळ्या बांधून देताना दंडाला पट्टा गुंडाळायचा, आणि विचारायचं: पिशवी काढली का? कितव्या वर्षी? मिश्री किती वेळा लावता?