खाशाबा केवळ मातीचे नव्हते : एक शैली की अनेक?

१/
मुष्टियोद्ध्याने एकाच शैलीत पारंगत व्हावे की अनेक शैली आत्मसात कराव्यात, हा वाद जगभर जुना आहे. आपल्याकडे तोच वाद माती आणि गादी या नावांनी चालतो. रहिमतपूरपासून कराडपर्यंत कोणत्याही जत्रेच्या फडावर उभे राहा; ‘गादीने कुस्ती बुडवली’ हे वाक्य कानी पडतेच. त्याच्या पुष्ट्यर्थ नाव घेतले जाते खाशाबा जाधवांचे. हा पुरावा नेमका उलट्या बाजूचा आहे, हे या धाग्यात मांडतो.

२/
आधी प्रतिपक्षाची बळकट बाजू पाहू. ज्यो फ्रेझियर एकाच शैलीचा मुष्टियोद्धा होता : वाकून पुढे घुसायचे आणि डावा हुक मारायचा. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने याच बळावर मुहम्मद अलीला हरवले. एकनिष्ठेचे सामर्थ्य असे असते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

३/
परंतु जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. फ्रेझियरकडे दुसरा मार्गच नव्हता. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे अलीने त्याच फोरमनला आठव्या फेरीत गारद केले. त्यासाठी त्याने आपली नाचती शैली बाजूला ठेवली आणि दोरांना रेलून फोरमनला थकू दिले.

४/
‘गामाने कुठे दुसरी शैली शिकली?’ असा प्रश्न येईल. १९१० साली लंडनमध्ये गामासमोर पोलंडचा झ्बिश्को गादीवर पालथा पडून राहिला. दोन तासांहून अधिक काळ लोटला, तरी निकाल लागला नाही. पुढच्या लढतीला झ्बिश्को आलाच नाही, म्हणून गामा विजयी ठरला. १९२८ साली पतियाळात, आपल्या आखाड्यात, गामाने त्यालाच एका मिनिटाच्या आत चीत केले. मल्ल तेच होते. मैदान आणि कायदा बदलला की मोठ्यातल्या मोठ्या मल्लाचीही कशी कोंडी होते, हे लंडनने दाखवले.

५/
हा फरक वरवरचा नाही. मातीतली परंपरागत कुस्ती निकाली असते. पाठ लागेपर्यंत चालते. भुसभुशीत मातीत पाय रुततो, म्हणून दम आणि ताकद यांचा कस लागतो. गादीवर वेग लागतो, गुण मोजले जातात. आज तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात आणि दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती संपते. मातीत जांघ्याला पकड घेता येते; गादीवर पोशाख धरणे हा नियमभंग ठरतो.

६/
आता खाशाबा. कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. मुलाचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली, मातीत. १९४८ साली खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. तेथे अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन लाभले आणि ते सहावे आले.

७/
पुढची चार वर्षे त्यांनी तयारीत घालवली. वजनगट बदलला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवल्याची कथा आपण गहिवरून सांगतो. मात्र या चार वर्षांच्या शिक्षणाचा उल्लेख सोयीस्करपणे गाळतो. ढाक हा त्यांचा हुकमी डाव मातीतून आला. तो परक्या कायद्यात कसा बसवायचा, हे त्यांना शिकावेच लागले.

८/
त्याच गटातले सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीईने जिंकले. तोही मूळचा ज्यूदोपटू. युद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या विजयमंचावरच्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या परंपरेतून आलेले होते.

९/
‘हे अपवाद’ म्हणणाऱ्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धा पाहाव्यात. सांगली जिल्ह्यातील कवठे पिरानचे मारुती माने : फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. त्याच जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर : ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाईलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड घेता येत नाही, म्हणजे पट काढण्याची सोयच नाही. मातीत घडलेल्या दोन मल्लांनी एकाच स्पर्धेत, दोन निराळ्या कायद्यांखाली, चार पदके आणली. दोघेही हिंदकेसरी. यांच्या मातीवरील निष्ठेबद्दल कोण शंका घेईल?

१०/
मग दहा वर्षांच्या पोराला सगळेच एकदम शिकवावे काय? मुळीच नाही. खाशाबा, माने, आंदळकर यांच्यापाशी आधी एक शैली हाडीमाशी मुरलेली होती. तालीम, वस्ताद, जोर-बैठका, एकच डाव हजार वेळा घोटणे, याला पर्याय नाही. चार शैलींची तोंडओळख असलेला मल्ल चारही ठिकाणी पाठ लावून घेईल. माझा आक्षेप पहिल्या शैलीला नाही; तिच्यापाशीच थांबण्याला आहे.

११/
हा वाद केवळ अभिमानाचा असता, तर मी गप्प बसलो असतो. पण ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धा गादीवरच होतात, आणि खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. याला कारणे अनेक असतील. तरीही ज्या घरात खुराकासाठी पोटाला चिमटा घेतला जातो, तिथल्या मुलाला ‘गादी परकी, तिकडे वळू नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याची उमेदीची वर्षे आपल्या भावनेपायी खर्ची घालणे होय.

१२/
तेव्हा माती जपावी, फड भरावेत, निकाली कुस्त्या व्हाव्यात. तालमीत हौद्याशेजारी गादीही असावी आणि वस्तादांनी दोन्हींचे कायदे शिकवावेत. यावर मतभेद असेल तर जरूर मांडा; मात्र एकाच शैलीचा पुरावा म्हणून खाशाबांचे नाव पुढे करू नका. लंडन ते हेलसिंकी ही त्यांची चार वर्षे दुसरी शैली शिकण्यात गेली होती.