आरोग्य : खालांची कंबर

धाराशिवला दवाखाना सुरू केला तेव्हा आमचा मशीनवर फार भरवसा होता. कंबरेला करंटचा शेक, ट्रॅक्शन, छापील कागदावरचे पाच व्यायाम, आणि पुढचा पेशंट. लोकांनाही तेच हवं असतं. मशीन लावलं नाही तर फी कशाची, असं तोंडावर विचारणारेही आहेत.

लोहारा तालुक्यातल्या एक खाला दोन वर्षं अधूनमधून येत होत्या. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. एक्स-रेत वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. त्या व्यायामच करत नसणार, असं आम्ही ठरवून टाकलं आणि मुलादेखत तसं बोललोही. खाला गप्प राहिल्या.

एकदा सहज विचारलं, "खाला, जास्त कधी दुखतं?"

"फजरच्या आधी, बेटा. चारच्या सुमारास जाग येते. अंग लाकडासारखं होतं."

मग त्यांनी सांगितलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात घराची भिंत अंगावर आली. त्या वाचल्या, कुशीतली मुलगी नाही. दोन वर्षांत आम्ही हे विचारलंच नव्हतं.

झोप मोडली की वेदना जास्त जाणवते. दुखेल या धास्तीने माणूस ताठ राहतो, हालचाल टाळतो, आणि कंबर आणखी आखडते. आजार शरीर, मन आणि घरदार या तिन्हींतून पाहावा, हे अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज एंगेल यांनी 1977 मध्येच लिहिलं होतं. परीक्षेत आम्ही ते उत्तर लिहिलंही होतं!

शेक कमी केला. श्वासाबरोबर सावकाश हालचाल, सुनेसोबत रोज थोडं चालणं, स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर. मनोविकारतज्ज्ञांचं नाव काढताच मुलगा बिथरला, "अम्मी वेडी आहे का?" त्याला समजावण्यात तीन भेटी गेल्या. खुर्चीवर नमाजची सवलत आहे, पण खालांना सजदा जमिनीवरच करायचा होता. मग तोच व्यायाम धरला: आधी पलंगाला हात टेकून, मग उंच उशीवर, मग चटईवर.

(कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा ताप असेल तर व्यायामाची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

चार महिन्यांनी खाला चटईवर सजदा करू लागल्या. कंबर अजून अधूनमधून दुखते. छताखाली मात्र त्यांना झोप येत नाही. पाऊस नसला की खाट अंगणातच असते.