छज्ज्याची सावली

बारामतीत किंवा इंदापुरात घरांचे नकाशे काढणाऱ्या एखाद्या कचेरीत डोकावून पाहा. टेबलावर संगणक दिसेल. तिरका ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर क्वचितच दिसतील. पूर्वी नकाशातली भिंत सरकवायची, तर ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने हलकेच खरवडावी लागे. आज ते काम क्षणात होते. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’द्वारे संगणकाच्या पडद्यावर रेषा काढून दाखवल्या. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ आले आणि ही सोय छोट्या संगणकावरही मिळू लागली.

मग हाताने आरेखन शिकायचे कशाला? माझ्या मते ते शिकलेच पाहिजे. सुबक रेषेसाठी नव्हे, तर संगणकाला दिलेली चुकीची माहिती ओळखता यावी म्हणून.

एक उदाहरण पाहू. बारामती आणि इंदापूर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ९० - १८ - २३.५, म्हणजे ४८.५ अंश उंच असतो. दक्षिणेकडील खिडकीवर लगतच ६० सेंमी रुंदीचा छज्जा असेल, तर त्याची सावली सुमारे ६८ सेंमी खाली येते. खिडकी १२० सेंमी उंच असल्यास उरलेल्या ५२ सेंमीतून थंडीतले हवेसे ऊन घरात येते.

आता समजा, संगणकात अक्षांश चुकून ४० राहिला. तो सूर्य २६.५ अंशांवर मानील आणि सावली केवळ ३० सेंमी दाखवील. चित्र तितकेच देखणे! त्यावर विसंबून तुम्ही छज्जा दुपटीहून रुंद कराल. सिमेंट-लोखंडाचा खर्च घरमालकाच्या माथी बसेल आणि थंडीतले ऊनही अडेल. ज्याने हा कोन एकदा कागदावर काढला आहे, त्याला मात्र ती सावली पाहताच शंका येईल.

वर्षभराच्या सावल्या हाताने काढत बसा, असे मी म्हणत नाही. ते काम संगणकानेच करावे. पण पहिली सावली तुमची असू द्या. शिक्षकांनीही हा प्रयोग जरूर करवून घ्यावा. शाळेची दक्षिणेकडील एक खिडकी मोजा, १:२० प्रमाणात तिचा उभा छेद काढा आणि कोनमापकाने सूर्यकिरण आखा. मग २२ डिसेंबरला साधारण साडेबारा वाजता, सूर्य दिवसातल्या सर्वाधिक उंचीवर येताच, पट्टी घेऊन खिडकीपाशी जा. कागद खरा ठरतो का, ते तुम्हीच पाहा!