खाता येणारी पिशवी आणि टाळलेली जबाबदारी

28 एप्रिल 2019 रोजी लंडनच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूंना समुद्री शेवाळापासून बनविलेल्या कवचांतून पेय देण्यात आले. कवच खावे किंवा टाकून द्यावे. काही आठवड्यांत ते कुजून जाते. अशी तीस हजारांहून अधिक कवचे त्या शर्यतीसाठी तयार ठेवली होती. शोध निःसंशय सुंदर आहे. परंतु प्लॅस्टिकचा प्रश्न आता विज्ञानच सोडवील, असा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो दिशाभूल करणारा आहे.

हे कवच दोन घोटांचे. बाटलीसारखे महिनोन् महिने ते टिकत नाही आणि धुळीपासून जपावयाचे तर त्यालाच दुसरे वेष्टन लागते. मक्याच्या पिष्टापासून बनणारा 'विघटनशील' पेलाही सुमारे 60 अंश तापमानाच्या औद्योगिक कंपोस्ट केंद्रातच नीट कुजतो. उकिरड्यावर तो प्लॅस्टिकचाच भाऊबंद!

आता कायद्याकडे पाहा. 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारने प्लॅस्टिकचे पेले व स्ट्रॉ यांवर बंदी घातली. महाराष्ट्रात तर 2018 पासूनच पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड आहे. टपरीवाल्याला तो धाक पुरेसा होतो. पाण्याची आणि थंड पेयाची बाटली मात्र केंद्राच्या बंदीतून सुटली. बाटली कंपनीची, नफा कंपनीचा. ती उचलण्याचे श्रम कचरावेचक बाईचे आणि तुंबलेले नाले उपसण्याचा खर्च नगरपालिकेचा. अर्थशास्त्र याला 'बाह्य खर्च' असे सोज्वळ नाव देते. साध्या मराठीत याला दुसऱ्याच्या खिशात हात घालणे म्हणतात.

पर्याय अपरिचित नाही. आरे योजनेचे दूध मुंबईकरांनी वर्षानुवर्षे काचेच्या बाटलीतून घेतले. रिकामी बाटली परत जाई, धुऊन पुन्हा भरली जाई. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरावयाच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत आहे. आज ती 25 सेंट आहे. महाराष्ट्राच्या 2018 च्या अधिसूचनेतही दुधाच्या पिशवीला किमान 50 पैसे परतमूल्य ठरविले होते. व्यवहारात ते रुजले नाही, कारण ते रुजविण्याची इच्छाशक्ती सत्ताधाऱ्यांपाशी नव्हती.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: पुन्हा भरता येणारी बाटली, प्रत्येक बाटलीवर सक्तीची अनामत, आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारख्या संघटनांमार्फत कचरावेचकांना कंपन्यांकडून कामाचा रास्त मोबदला. शेवाळाचे कवच खाणारे ते खुशाल खावोत. वेष्टनाची किंमत मात्र ते विकणाऱ्यानेच मोजली पाहिजे.