भूल नक्की कोणाला?

देशात कुठे कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया स्थानिक भुलीखाली झाली, की ती ‘भूल न देता’ झाल्याची बातमी पसरते. घोटाळा तिथूनच सुरू होतो. स्थानिक भूल ही भूलच असते. कानामागे लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनालिन टोचून भाग बधिर केला जातो, शिरेतून सौम्य गुंगी दिली जाते. श्वास मात्र रुग्णाचा स्वतःचाच चालतो. हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असलेल्या वृद्धाला संपूर्ण भूल धोक्याची ठरू शकते. त्याच्यासाठी हा पर्याय खरोखरच मोलाचा आहे.

पण म्हणून त्याला चमत्कार म्हणावे काय? रिकिबीचे हाड बदलण्याची शस्त्रक्रिया भारतातील कानतज्ज्ञ कित्येक वर्षे स्थानिक भुलीखाली करत आले आहेत. जागा रुग्ण इलेक्ट्रोड योग्य जागी बसल्याची ग्वाही देतो, हा युक्तिवादही फारसा टिकत नाही. श्रवणचेतेचा विद्युत प्रतिसाद गाढ झोपलेल्या रुग्णातही मोजता येतो. उलट अडचणींबद्दल बातम्या मूक असतात. हाड कोरताना कवटी थरथरते, कॉक्लिआ उघडताना भोवळ येऊ शकते. शिवाय श्रवणयंत्र काढलेल्या बहिऱ्या माणसाशी बोलायचे कसे? डॉक्टरांचे ओठ तर मास्कमागे! खुणा आधीच ठरवून घ्याव्या लागतात. आणि दोन वर्षांच्या मुलाला हे सारे जागेपणी सोसायला लावणे अशक्यच. त्याला संपूर्ण भूलच हवी.

आता खरी विसंगती पाहा. केंद्राच्या एडिप योजनेतून 2014 पासून इम्प्लांटसाठी अर्थसाहाय्य मिळते. सुरुवातीची मर्यादा प्रतिसंच 6 लाख रुपये होती. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाचे केंद्र आहे. योजना चांगली आहे, पण ती मुलांसाठी आखलेली आहे. म्हणजे ज्याला स्थानिक भुलीचा लाभ, त्या वृद्धाला या योजनेचे दार बंद. आणि ज्याला योजनेचे दार उघडे, त्या बालकाला स्थानिक भुलीचा उपयोग नाही. भूलतंत्र बदलल्याने संचाची किंमत उतरत नाही. 2011 च्या जनगणनेत श्रवणविकलांगांची संख्या 50 लाखांवर नोंदली गेली होती. त्यांपैकी किती वृद्ध लाखो रुपयांचा संच स्वतःच्या पैशाने घेऊ शकतील, हा प्रश्न बातमीदाराला पडत नाही.

टेबलावरच ऐकू येऊ लागले, असेही सर्रास लिहिले जाते. बाहेरचा प्रोसेसर सहसा जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी चालू करतात. निरोगी कॉक्लिआतील सुमारे 3500 आंतर केशपेशींचे काम सहसा फार तर 22 इलेक्ट्रोडांवर सोपवलेले असते. पहिला आवाज अनेकांना यांत्रिक, चिरका वाटतो. त्यातून शब्द ओळखू यायला महिनोन्‌महिने सराव, वारंवार मॅपिंग, वाचातज्ज्ञाच्या फेऱ्या लागतात. त्या फेऱ्यांचे एसटीभाडे, तुटलेली केबल आणि संपलेल्या बॅटऱ्या यांची बातमी कधीच होत नाही. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. छायाचित्र तिचेच छापले जाते.