एक्झोसोमवर सरसकट दोष नको

रक्तातील एक्झोसोम म्हणजे सेप्सिसमधील विष, ते गाळून टाकले की काम झाले, हे मागील अंकातील लेखाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एक्झोसोम ही साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाची, पेशीने बाहेर सोडलेली पुटके. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत ती दिसली, तेव्हा पेशी नको ते टाकून देते एवढाच अर्थ लावला गेला. त्यांतून प्रथिने व सूक्ष्म आरएनए दुसऱ्या पेशीत पोहोचतात, हे पुढे कळले.

लेखातील आरोपाला आधार आहे, आणि तो भक्कम आहे. सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या बिंबाणूंपासून निघालेले एक्झोसोम सशाच्या शरीराबाहेर काढलेल्या हृदयात सोडले, तेव्हा त्याचे आकुंचन मंदावले. ब्राझीलमधील हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) दिलेल्या सशांच्या हृदयांतही हा परिणाम दिसला. पण महत्त्वाची गोष्ट लेखात सुटली: एक्झोसोम काढून घेताच स्नायूची आकुंचनशक्ती पूर्ववत झाली.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. मेसेन्कायमल मूळपेशींच्या एक्झोसोममुळे सेप्सिस झालेल्या उंदरांतील दाह कमी होऊन जगण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे पुटक कोणत्या पेशीचे आणि त्यात काय भरलेले, यावर सारे अवलंबून. सरसकट गाळणीत उपकारक पुटकेही जातील. शिवाय उंदीर व सशावरील निष्कर्षांवरून अतिदक्षता विभागातील रुग्णाला उपचाराची आशा दाखवणे घाईचे आहे. तेथे आजही वेळेवर प्रतिजैविके, सलाइन व रक्तदाब सावरणे हेच मुख्य उपचार आहेत.